पुट डाउन ॲज

"‘ॲज’च्या पुढे काय येतं तिकडे कान ठेवायचा," लोबो मिस म्हणाल्या आणि त्यांनी चहाचा चमचा टेबलावर आपटला. "मागचं सगळं विसरलात तरी चालेल. ‘ॲज’च्या पुढचा शब्द मात्र सोडायचा नाही. शिक्का तिथेच असतो."

आम्ही मुली त्यांच्या जेवणाच्या टेबलाभोवती वह्या उघडून बसलो होतो. भुसावळच्या रेल्वे कॉलनीमागच्या गल्लीत लोबो मिसचं बैठं घर होतं. रेल्वेच्या शाळेत सारा जन्म इंग्रजी शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि आता आमच्यासारख्या बारावीला इंग्रजीत गटांगळ्या खाल्लेल्या मुलींना घरी बोलावून शिकवत होत्या. तो आठवडा ‘पुट’ या क्रियापदाचा होता. पुट ऑन म्हणजे अंगात घालणे, पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे, पुट आउट म्हणजे विझवणे. माझ्या शेजारी बसणारी नसीम वैतागून म्हणाली, "मिस, या एवढ्याशा शब्दाला शेपट्या तरी किती!"

"शेपटीतच तर त्याचा जीव आहे," मिस म्हणाल्या. "आता आजची शेपटी. पुट डाउन ॲज. समजा, मी एका माणसाला बघितलं. त्याचे कपडे बघितले, चाल बघितली. त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. आणि मनातल्या मनात ठरवून टाकलं की हा अमुक आहे. बरणी उघडायचीच नाही, वरून चिठ्ठी डकवायची. मीठ. आत साखर का असेना! मी शाळेत लागले तेव्हा फ्रॉक घालायचे. तर सगळ्यांनी मला काय ठरवलं? दे पुट मी डाउन ॲज अ रिच गर्ल. श्रीमंताची पोर. माझ्याकडे दोन फ्रॉक होते, बाई. एक अंगात आणि एक दोरीवर."

आम्ही हसलो. मग प्रत्येकीने एकेक वाक्य करायचं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी वहीकडे बघत म्हणाले, "पीपल पुट मी डाउन ॲज फेल."

"‘अ फेल्युअर’ म्हणायचं," मिस म्हणाल्या. मग थांबून त्यांनी विचारलं, "कोण हे पीपल?"

"सगळेच. मामा, शेजारपाजारचे. आता हिचं लग्न करून टाका म्हणतात."

"एकदा गाडी चुकली म्हणून माणूस जन्मभर फलाटावर बसून राहतो का? पुढच्या गाडीने जातो. घाई नको म्हणून मार्च सोडला, आता ऑक्टोबरला तू परत परीक्षेला बसणार आहेस. वाक्य बरोबर आहे, माणसं चूक आहेत. पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटलं. त्यांनी ते माझ्याकडून इतक्या वेळा म्हणून घेतलं की घरी जाताना माझी पावलंसुद्धा त्याच तालावर पडत होती. पुट मी डाउन ॲज, पुट मी डाउन ॲज.

या वर्गात मला घातलं होतं आप्पांनी. आप्पा म्हणजे माझे वडील, पुंडलिक मिस्तरी. ते फर्निचरला पॉलिश करायचे. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाचा बोळा मलमलीच्या फडक्यात गुंडाळायचा आणि लाकडावर हात मारत राहायचं. एक हात वाळला की घासायचं, मग दुसरा हात. बारावीचा निकाल लागला तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते. आप्पा माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "पहिला हात नेहमीच खराब येतो, उज्जू. घासून काढायचा. लाकूड थोडंच खराब असतं?" आणि दुसऱ्याच दिवशी मला लोबो मिसकडे घेऊन गेले.

त्यांच्या अंगाला कायम स्पिरिटचा वास यायचा. कपड्यांना, केसांना, अन् तळहातांना तर कितीही साबण लावा, जायचाच नाही. बसमध्ये शेजारचा माणूस नाक मुरडून उठायचा, तेव्हा आप्पा हसत पाय पसरून बसायचे. "ऐसपैस जागा भेटते," म्हणायचे. दारूच्या थेंबाला त्यांनी कधी स्पर्श केला नाही. कुणी आग्रह केलाच तर म्हणायचे, "दिवसभर ज्याचा वास घेतो ते संध्याकाळी कोण पिईन?"

त्या वर्षी धुळवडीला आई धाकट्या भावाला घेऊन माहेरी, यावलला गेली होती. मी अभ्यासासाठी मागे राहिले होते. आप्पांनाही जाता आलं नाही. नव्या वस्तीतल्या एका बंगल्याची वास्तुशांत जवळ आली होती आणि दारं अजून कोरडीच होती. सकाळी निघताना त्यांनी कपाळाला बाम चोळला. आठ-दहा दिवस त्यांचं डोकं दुखत होतं. बंद खोलीत स्पिरिटची वाफ चढत असेल असं आम्हाला वाटलं होतं.

"आजच्या दिवस राहू द्या ना, आप्पा," मी म्हणाले.

"दारं माही वाट पाहू राह्यली," ते म्हणाले आणि सायकल काढली. चढताना त्यांचा पाय एकदा पायंडलवरून निसटला. ते स्वतःशीच हसले आणि गेले.

दुपारी दारात रिक्षा येऊन थांबली. युसूफभाईंची. आमच्या कोपऱ्यावरच त्यांचा थांबा होता. त्यांच्या पांढऱ्या दाढीला कुणीतरी गुलाबी रंग लावला होता, पण चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"बेटा, घराला कुलूप लाव आणि चल. आप्पाला दवाखान्यात ठेवून आलोय."

"काय झालं?"

"चल, रस्त्यात सांगतो."

रिक्षा गल्लीबाहेर काढल्यावर ते समोर बघतच बोलले, "बंगलेवाल्यांनी मला नाक्यावरून बोलावलं. म्हणे, तुमच्या मिस्तरीला घरी नेऊन टाका, कामावर पिऊन आला, बोलता येत नाही, चालता येत नाही. त्यांच्या पोरांनी त्याला रंगवलं होतं. मी काही बोललो नाही, बेटा. भांडायची वेळ नव्हती. पण मी इतकी वर्षं त्या माणसाला बघतोय. घरी न्यायला सांगितलं होतं, मी सरळ दवाखान्यात नेलं."

तो गावाबाहेरचा एका ट्रस्टचा दवाखाना होता. आत गेले तर जत्रा भरल्यासारखी गर्दी. कुणाच्या डोळ्यात रंग गेलेला, कुणाचं डोकं फुटलेलं, कुणी गटारात पडलेला उचलून आणलेला. एक जण खाटेवर उताणा पडून मोठमोठ्याने गाणं म्हणत होता आणि त्याची बायको पदराने त्याचं तोंड दाबत होती. सगळीकडे दारूचा आंबूस भपका. खाटा संपल्या होत्या म्हणून भिंतीच्या कडेने गाद्या टाकल्या होत्या. त्यातल्या शेवटच्या गादीवर आप्पा होते.

अर्धा चेहरा जांभळा. केसांत गुलाल. हाताला सलाईन. मी जवळ बसले तेव्हा त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं, आणि काही म्हणायला तोंड उघडलं. आवाज आला, शब्द आला नाही. ओलं फडकं पिळावं तसा तो आवाज होता. त्यांनी डावा हात उचलून माझं मनगट धरलं.

एक नर्स लगबगीने आल्या. छातीवर बेंडाळे असं नाव लावलेलं होतं. मध्यम वयाच्या, दमलेल्या, तरी प्रेमळ.

"तू यांची मुलगी का? घाबरू नको गं पोरी. डॉक्टरांनी बघितलंय. सलाईन लावलंय. आता झोपू दे त्यांना, सकाळी ठणठणीत होऊन घरी जातील."

खरं सांगते, माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी बघितलंय म्हणजे झालं! मी ओढणीच्या टोकाला पाणी लावून आप्पांच्या गालावरचा रंग पुसू लागले. त्यांचे डोळे मिटत होते. झोप लागतेय, बरंच आहे, असं मला वाटलं. युसूफभाईंना आता जायला सांगावं, असंही मनात आलं.

तेवढ्यात डॉक्टर आल्या. तरुण होत्या, सावळ्या, कुरळे केस घट्ट बांधलेल्या. त्यांचं नाव कुरियन. केरळहून आल्या होत्या आणि त्यांना मराठी येत नव्हतं, हे मला नंतर कळलं. त्या एकेका गादीपाशी क्षणभर थांबत, पेनाने खूण करत, बेंडाळे सिस्टरना भराभर इंग्रजीत काही सांगत पुढे सरकत होत्या. ते इंग्रजी माझ्या कानांवरून एक्स्प्रेस गाडीसारखं धडधडत जात होतं. एकही डबा ओळखू येत नव्हता.

आमच्या गादीपाशी त्या थांबल्या. त्यांनी आप्पांकडे पाहिलं, भपक्याने आपल्याच नाकावर मनगट धरलं आणि म्हणाल्या, "...पुट हिम डाउन ॲज ड्रंक. लेट हिम स्लीप."

आणि पुढे गेल्या.

त्या धडधडाटात तेवढंच वाक्य माझ्यासाठी थांबलं. पुट हिम डाउन ॲज. आणि पुढे? ड्रंक. ड्रिंक, ड्रँक, ड्रंक. तिन्ही रूपं मला तोंडपाठ होती. मला दवाखान्यातलं काही कळत नव्हतं. आप्पांना काय झालंय तेही माहीत नव्हतं. पण एवढं मात्र लख्ख कळलं की ही बरणी कुणी उघडलेलीच नाही. आप्पांना झोपू द्यायचं होतं ते दारू उतरावी म्हणून.

"सिस्टर," मी बेंडाळे सिस्टरांचा हात धरला, "आप्पा पीत नाहीत. कधीच नाही."

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "असू दे गं. सणाचा दिवस आहे. मी मुद्दामच तुला बोलले नाही. लाज वाटून घेऊ नकोस."

"अहो, खरंच पीत नाहीत!"

"बरं, बरं," त्या म्हणाल्या. पलीकडे कुणी उलटी केली होती, तिकडे त्या धावल्या.

मी उठले आणि डॉक्टरांच्या मागे पळत सुटले. व्हरांड्याच्या टोकाला त्यांना गाठलं.

"डॉक्टर, माझे वडील दारू पीत नाहीत हो, त्यांना दुसरं काहीतरी झालंय, तुम्ही एकदा..."

त्या न थांबता तुटक हिंदीत म्हणाल्या, "सिस्टर को बोलो. सिस्टर को." आणि चालत राहिल्या.

माझ्या डोळ्यांसमोर आप्पांचे मिटत चाललेले डोळे आले. इंग्रजीत बोलायला हवं होतं. पण इंग्रजी आणायचं कुठून? बारावीत त्याच विषयाने मला खाली पाडलं होतं. तोंडात एकच वाक्य तयार होतं आणि तेही त्यांचंच होतं. मी ते त्यांच्या पाठीवर फेकलं.

"डॉक्टर! यू पुट हिम डाउन ॲज ड्रंक!"

त्या थांबल्या. वळल्या.

"व्हॉट डिड यू से?"

मी पुन्हा म्हणाले. "यू पुट हिम डाउन ॲज ड्रंक. बट यू डिड नॉट स्मेल हिज माउथ. द स्मेल इज पॉलिश. फर्निचर पॉलिश. इट इज इन हिज हँड्स. नॉट इन हिज माउथ." आणि मग शब्द संपले. उरला तो एकच शब्द मी बोलले, "प्लीज."

त्या रागावतील असं मला वाटलं. त्यांच्या पांढऱ्या कोटावर कुणाच्या तरी रंगीत हाताचे ठसे होते. डोळे लाल झाले होते. सकाळपासून त्या बसल्या नसाव्यात. पण त्या माझ्या बाजूने निघून, जवळजवळ धावतच, परत त्या हॉलमध्ये गेल्या.

आप्पांच्या गादीशेजारी त्या फरशीवर गुडघे टेकून बसल्या. खाली वाकून त्यांनी आप्पांच्या तोंडाशी नाक नेलं. थांबल्या. पुन्हा वास घेतला. मग त्यांचा उजवा तळहात उचलून नाकाशी धरला, आणि एकदम मान वर केली.

"सिस्टर!"

आता आवाज निराळाच होता. बेंडाळे सिस्टर हातातलं सगळं टाकून आल्या. डॉक्टरांनी बॅटरी घेऊन एकेका डोळ्यात उजेड टाकला. आप्पांचे दोन्ही हात वर धरून सोडले. डावा हात सावकाश खाली आला. उजवा लाकडासारखा पडला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझं मनगट त्यांनी डाव्या हाताने का धरलं होतं.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं, "फॉल? डिड ही फॉल? हेड?" आणि स्वतःच्या डोक्यावर थाप मारून दाखवली.

बेंडाळे सिस्टर मध्ये पडल्या. "कुठे पडले होते का गं? डोक्याला मार? आठव. आज नाही, मागे कधी? महिनाभरात?"

आणि मला आठवलं. शिवरात्रीच्या सुमाराला ते एकदा कपाळाच्या वर टेंगूळ घेऊन घरी आले होते. त्याच बंगल्यात, जिन्याखालची पट्टी घासून उठताना कठड्याचा कोपरा लागला होता. आईने हळद लावली होती, आप्पांनी थट्टा केली होती आणि चार दिवसांत आम्ही सगळे ते विसरून गेलो होतो.

सिस्टरांनी ते इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरांनी एकच शब्द उच्चारला, मला न कळणारा, आणि त्या फोनकडे धावल्या.

"डोक्यात आत रक्त साचलंय असं वाटतंय त्यांना," सिस्टर मला म्हणाल्या. "हळूहळू साचत गेलेलं. त्याचा दाब येतोय. इथे ऑपरेशन होत नाही, जळगावला न्यावं लागेल. आत्ताच्या आत्ता. झोपू द्यायचं नाही आता, कळलं? बोलत राहा त्यांच्याशी."

मी बोलत राहिले. काय बोलले देव जाणे. नसीमबद्दल बोलले, आई यावलहून आणणार होती त्या पुरणपोळ्यांबद्दल बोलले. दवाखान्याची गाडी आली. युसूफभाईंनी आणि वॉर्डबॉयने आप्पांना उचलून आत ठेवलं. युसूफभाई म्हणाले, "मी यावलला जाऊन तुझ्या आईला घेऊन येतो. तू मागचा विचार करू नकोस." आणि गाडीचं दार लागण्याआधी डॉक्टर कुरियन स्वतः आत चढल्या. सगळा रस्ताभर त्या आप्पांच्या उशाशी बसून होत्या, एक हात नाडीवर, एक हात हनुवटीखाली. नशिराबादजवळ आप्पांचा श्वास अडखळला तेव्हा त्यांनी काय केलं ते मी पाहिलं नाही. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा श्वास चालू होता.

जळगावच्या सर्जनांनी कवटीला छिद्र पाडून साचलेलं रक्त बाहेर काढलं. ते चालू असताना बाहेरच्या बाकावर मी आणि डॉक्टर कुरियन शेजारी शेजारी बसलो होतो. त्यांना परत जायचं होतं, पण त्या गेल्या नाहीत. दरवाजा उघडून सर्जन बाहेर आले आणि त्यांनी डॉक्टरांकडे बघून समाधानाने मान डोलावली. त्या मानेचा अर्थ कळायला मला इंग्रजी लागलं नाही. मी तिथेच रडू लागले. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो उचलला नाही.

मग त्या बोलल्या. मला कळावं म्हणून अगदी सावकाश, छोट्या छोट्या इंग्रजी वाक्यांत. त्याचा मथितार्थ असा होता.

"आज सकाळपासून कितीतरी जणांनी मला सांगितलं, तो प्यालेला नाही. बायकांनी, आयांनी, भावांनी. ते सगळे प्यालेले होते. शेवटी शेवटी मला ते ऐकूच येईना. तू ‘तो प्यालेला नाही’ म्हणत आली असतीस तर मी थांबले नसते. तू त्याच्याबद्दल बोलली नाहीस. ‘यू’ म्हणालीस. मी काय केलं, ते तू मला सांगितलंस."

मग त्यांनी विचारलं, "हू टॉट यू दॅट?"

मी लोबो मिसचं नाव सांगितलं.

आप्पा बरेच दिवस जळगावला होते. पहिला स्पष्ट शब्द त्यांनी उच्चारला तो आईकडे बघून, "चहा." आईने तोंडात पदर कोंबला. मग एकेक शब्द परत येत गेला. उजव्या हाताला मात्र पूर्वीची सफाई शेवटपर्यंत आली नाही. मोठी कामं त्यांनी सोडली. घरी बसून पाट, देव्हारे, पाळणे असलं काही करायचे आणि त्यातही खूश असायचे. त्यानंतर ते पुष्कळ जगले. माझी बारावी झाली, कॉलेज झालं, लग्न झालं, तेही माझ्या मर्जीने. माझ्या मुलीचा पाळणा त्यांनी डाव्या हाताने पॉलिश केला.

जळगावहून आल्यावर मी पहिल्यांदा लोबो मिसकडे गेले आणि सगळं सांगितलं, तेव्हा त्या खुर्चीवर बसल्या ते बसूनच राहिल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मला वाटलं होतं, परीक्षेत दोन मार्कांना येईल," त्या म्हणाल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ईस्टर होता. मिसनी आम्हाला सगळ्यांना जेवायला बोलावलं. "आणि तुझ्या त्या डॉक्टरलाही आण," म्हणाल्या. "पोर घरापासून एवढ्या लांब. सणाला एकटी कशी राहील?" डॉक्टर आल्या. कोटाशिवाय, मोतिया रंगाच्या साडीत त्या माझ्यापेक्षा फार मोठ्या वाटत नव्हत्या. आप्पांच्या डोक्यावर आईने विणलेली टोपी होती. डॉक्टरांना बघताच ते उठून उभे राहिले आणि हात जोडायला गेले. उजवा हात अर्ध्यातच थांबला. डॉक्टरांनी तो आपल्या दोन्ही हातांत धरला, बोटं एकेक करून वाकवून बघितली आणि त्यांना खाली बसवलं.

"बाई," आप्पा म्हणाले, "तुम्ही मागं वळल्या म्हणून मी वाचलो."

मिसनी ते इंग्रजीत सांगितलं. ताटातला भात डॉक्टर बोटांनी नुसता चिवडत राहिल्या. मग मिसना म्हणाल्या, "यांची मुलगी तुमच्याकडे शिकते म्हणून हे वाचले. बाकीच्यांच्या मुलींनी काय करायचं? त्या सगळ्यांनी इंग्रजी शिकायचं? मी इथे येऊन वर्ष झालं. मला ‘कुठे दुखतं’ एवढंच येतं. मला मराठी शिकवाल?"

"मी?" मिस हसल्या. "माझं मराठी रेल्वेचं आहे, बाळ. निम्मं फलाटावर राहिलेलं. ही शिकवेल." आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मी? बारावी नापास मुलगी डॉक्टरला शिकवणार? मी आप्पांकडे पाहिलं. ते माझ्याकडे असे बघत होते, की मी नाही म्हणूच शकले नाही.

रविवारी दुपारी डॉक्टर आमच्या घरी यायच्या. आईच्या हातची शेवभाजी खाऊन त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी यायचं आणि तरी त्या पुन्हा मागायच्या. पहिल्या दिवशी मी त्यांना विचारलं, कुठून सुरुवात करायची? मुळाक्षरं, की नावं, की आकडे? त्यांनी पर्समधून पेन काढलं आणि इंग्रजीत म्हणाल्या, "मला आधी एक वाक्य हवं. ‘काय झालं ते तुम्ही सांगा, मी ऐकते.’ हे मराठीत कसं म्हणतात?"

मी सांगितलं. त्यांनी ते मल्याळी लिपीत लिहून घेतलं आणि म्हणू लागल्या. शब्द पटकन आले. घोटाळा झाला तो शेवटी. त्यांच्या भाषेत बाई ऐकते आणि पुरुष ऐकतो असा फरकच नव्हता. कितीदा सांगितलं तरी त्या ‘ऐकतो’वर जायच्या, आणि आप्पा खाटेवर पडल्या पडल्या गदगदून हसायचे.

पावसाळा सरता सरता मी आप्पांना तपासणीसाठी त्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. बाहेर मोठी रांग होती. आमच्या पुढे एक म्हातारी होती. खेड्यातली, नऊवारी नेसलेली, एकटीच आलेली. आमचा नंबर तिच्या मागोमाग होता, म्हणून सिस्टरांनी आम्हाला आतच बाकावर बसवलं. म्हातारी डॉक्टरांसमोरच्या स्टुलावर अंग चोरून बसली आणि आल्या आल्या सांगू लागली, "काही नाही बाई, एक गोळी द्या, जाते मी."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. खुर्ची थोडी पुढे ओढली.

"आजी," त्या म्हणाल्या, "काय झालं ते तुम्ही सांगा. मी ऐकतो."

म्हातारी चमकली. तिने डॉक्टरांच्या साडीकडे पाहिलं, कुरळ्या केसांकडे पाहिलं, आणि बोळक्या तोंडाने खुदकन हसली. आप्पांनी मला कोपराने ढोसलं. मी चूक दुरुस्त केली नाही. म्हातारीने पदर सावरला, दोन्ही पाय स्टुलावर घेऊन नीट मांडी घातली, आणि लेकीच्या लग्नापासून सांगायला सुरुवात केली. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.